पासवर्ड कुणाकडे आहे?

जबलपूरच्या ओमती भागातून नौदरा पुलाकडे निघाले की मढाताल लागते आणि तिथले जयंती कॉम्प्लेक्स. शहराचा संगणकबाजार तो हाच. शाळेचा प्रिंटर अडला, शाई संपली, जुन्या यंत्रात पुन्हा विंडोज घालायची झाली की शाळेचा बाबू इथेच येतो. याच शहरात रिज रोडवर १९४२ साली दूरसंचार प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. आज त्याला भारतरत्न भीमराव आंबेडकरांचे नाव आहे, पण तार-टेलिफोन खात्यातली जुनी माणसे अजून ‘टीटीसी जबलपूर’च म्हणतात. हाताने जोडायचे एक्स्चेंज गेले, इलेक्ट्रॉनिक आले, मग मोबाईल आला. दर बदलाला खात्याने देशभरातली माणसे शिकायला जबलपूरला धाडली. यंत्र बदलले की ते सांभाळणाऱ्याला पुन्हा शाळेत बसवावे लागते, हे टेलिफोन खात्याला पक्के ठाऊक होते.

खुद्द शिक्षण खात्याला मात्र ते अजून उमगलेले नाही. शाळांनी जयंती कॉम्प्लेक्सची वाट धरली, रिज रोडची नाही.

शाळांचे काम गेल्या दहा-बारा वर्षांत ‘क्लाउड’वर गेले आहे, म्हणजे शाळेतल्या कपाटातून आणि शाळेतल्या संगणकातूनही निघून दूरच्या कुठल्याशा सर्व्हरवर. हा निर्णय बहुतेक शाळांनी घेतलेलाच नाही. तो वरून आला. महाराष्ट्रात शिक्षकांच्या पगारासाठी २०१२च्या सुमारास शालार्थ आले, २०१५मध्ये विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी सरल आले; मग शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल, शाळांची माहिती गोळा करणारे केंद्राचे यूडायस प्लस आणि आता प्रत्येक मुलाचा अपार क्रमांक. नर्मदेकाठी मध्य प्रदेशात रहिवाशांचा समग्र आयडी, एज्युकेशन पोर्टल आणि २०२५पासून ‘हमारे शिक्षक’ ॲपवरची हजेरी. या हजेरीविरुद्ध काही शिक्षक जबलपूरच्याच उच्च न्यायालयात गेले. दुसरी लाट कोविडची. ऑगस्ट २०२०मध्ये महाराष्ट्र सरकारने गुगलशी हात मिळवला आणि २ कोटी ३० लाख विद्यार्थी-शिक्षकांपर्यंत गुगल क्लासरूम पोचवण्याची घोषणा केली. तिसरी लाट शांतपणे येते आहे, ती खासगी कंपन्यांची: फी, बस, निकाल, पालकांना निरोप, सगळे एका ॲपात, वर्षाला मुलामागे अमुक रुपये.

यूडायस प्लसच्या २०२४-२५च्या अहवालानुसार देशात १४ लाख ७१ हजार शाळा आहेत. त्यांतल्या ६४.७ टक्क्यांत संगणक आहे आणि ६३.५ टक्क्यांत इंटरनेट. आदल्या वर्षी हेच आकडे ५७.२ आणि ५३.९ होते. वाढ झपाट्याची आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण या तक्त्यात एक रकाना नाही: संगणक सांभाळणारा माणूस आहे का?

जरा गंमत म्हणून सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडसेवेची केंद्रे २०१५मध्ये भारतात आली, तेव्हा त्यांतल्या एकाचे नाव ‘सेंट्रल इंडिया’ ठेवले गेले. ते केंद्र पुण्यात आहे. भारताचा भौगोलिक मध्यबिंदू मानले जाणारे करौंदी गाव जबलपूरच्या शेजारी, कटनी जिल्ह्यात. मध्य भारताचा मान पुण्याला मिळाल्याचे पुणेकरांना आश्चर्य वाटले नसेल, जबलपूरकरांना वाटावे.

आता मुद्द्याचे. शाळेचा कारभार ज्या एका वहीवर उभा असतो ती म्हणजे जनरल रजिस्टर; मध्य प्रदेशात दाखिल-खारिज पंजी. प्रवेश क्रमांक, नाव, जात, जन्मगाव, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, शाळा सोडल्याचे कारण. दाखला निघतो तो यातून. २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरेही उघडली गेली. कुणा मास्तरांनी टाकाने लिहिलेली एक ओळ पुढच्या पिढ्यांच्या हक्काचा पुरावा ठरते. त्या वहीतली जन्मतारीख मुख्याध्यापकालाही आपल्या मनाने बदलता येत नाही.

ही वही क्लाउडवर नेताना काय होते ते पाहण्यासारखे आहे, कारण प्रशिक्षणाची खरी गरज तिथेच दिसते. कंपनीचा माणूस सांगतो, ‘एक्सेल द्या, आम्ही चढवतो.’ शाळेकडे एक्सेल असते, पण कसे? मराठी शाळांनी वर्षानुवर्षे श्रीलिपी नाही तर आयएसएमच्या फॉन्टमध्ये नावे टंकली, मध्य प्रदेशात कृतिदेवमध्ये. हे फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या घडणीचे. पडद्यावर देवनागरी दिसते, आत मात्र रोमन अक्षरे साठलेली असतात. कृतिदेवमध्ये टंकलेली ‘कमल’ ही मुलगी नव्या प्रणालीत गेली की डी, ई, वाय अशी तीन अक्षरे उरतात. त्यावर परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांवर ते ठेचकाळतात. मग ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘वैशंपायन’ हाताने तपासावे लागतात.

नावे सुटली तर आकडे अडवतात. सरलमधला विद्यार्थी क्रमांक १९ अंकी आहे. एक्सेल संख्येचे १५च अंक जपते, पुढचे शून्य करून टाकते, तेही काही न सांगता. रकाना आधीच ‘टेक्स्ट’ केला नसेल तर शाळेतल्या सगळ्या मुलांच्या क्रमांकांचे शेवटचे चार अंक एका क्षणात शून्य होतात. ०५/०६/२०१२ ही तारीख आपल्याकडे ५ जून. यंत्राची मांडणी अमेरिकी असली तर ६ मे. महिन्यातल्या १२ तारखेनंतर जन्मलेली मुले वाचतात, कारण तेरावा महिना नसतो. पहिल्या बारा दिवसांत जन्मलेल्यांची तारीख मात्र गुपचूप फिरते. ही चूक दहावीचा अर्ज भरताना सापडते, कधी पासपोर्ट काढताना.

यातले काहीही अवघड नाही. कनिष्ठ लिपिकाला शांतपणे शिकवले तर दोन दिवसांत येईल. पण शिकवलेले नसते. कंपनीचे ‘ट्रेनिंग’ म्हणजे एका दुपारी सभागृहात पडदा लावून बटणे दाखवणे. समोर बसलेल्यांपैकी निम्मे दुसऱ्या दिवशी जनगणनेच्या नाही तर निवडणुकीच्या कामावर. बटण कुठे आहे हे पुढच्या आवृत्तीत बदलते. माहिती कशी साठते, कुणाला काय दिसते, चुकले तर मागे कसे यायचे, हे बदलत नाही. शिकवायचे ते हेच.

शाळेत हे काम नक्की कुणाचे? महाराष्ट्राच्या शिक्षकेतर आकृतिबंधात लिपिक आहेत, ग्रंथपाल आहे, प्रयोगशाळा सहायक आहे. संगणक सांभाळणाऱ्याचे पद नाही. ती उणीव भरून काढतो ‘तंत्रस्नेही’ शिक्षक. हा शब्द २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाबरोबर रूढ झाला. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्यात संदीप गुंड यांनी लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभी केली, परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले. त्या कल्पनेने पुढे राज्यभरच्या पुस्तकांत जागा मिळवली आणि डिसले यांना २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. अशी माणसे आपल्याकडे आहेत याचा आनंद आहे. पण कौतुकाच्या आड व्यवस्थेने एक सोय करून घेतली. तंत्रस्नेही गुरुजी आहेत ना, मग सगळ्या पोर्टलांचे ओझे त्यांच्याच डोक्यावर. त्यांचा गणिताचा तास रिकामा जातो, त्याची नोंद कुठल्याच पोर्टलवर होत नाही.

याआधी एकदा माणसे नेमली होती. केंद्राच्या आयसीटी योजनेत २००७-०८पासून महाराष्ट्रात तीन टप्प्यांत ५००, २५०० आणि ५००० शाळांत संगणककक्ष झाले. कंपनीने कक्ष उभारायचा, आपला संगणक शिक्षक ठेवायचा, पाच वर्षे चालवायचा आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायचा. पाच वर्षांनी संगणक ताब्यात आले, शिक्षक घरी गेले. ते कंत्राटी शिक्षक नंतर वर्षानुवर्षे आंदोलने करत राहिले. यंत्राला हस्तांतराचे कलम होते, माणसाला नव्हते.

केरळने उलटे केले. तिथे आयटी@स्कूल प्रकल्प २००१मध्ये सुरू झाला आणि २०१७मध्ये त्याचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. त्यांनी बाहेरची माणसे आणली नाहीत. शाळेतल्याच एका शिक्षकाला आयटी समन्वयक केले, जिल्ह्यात प्रशिक्षकांची फळी ठेवली आणि मुक्त सॉफ्टवेअर वापरले. त्यामुळे परवान्याचे पैसे वाचले, शिवाय आत काय चालते ते उघडून पाहता आले. शाळांच्या नोंदींसाठी ‘संपूर्ण’ ही प्रणाली आली. २०१८पासून ‘लिटल काइट्स’ हे विद्यार्थ्यांचे गट निघाले; यंत्रे ठाकठीक ठेवायला तीच मुले हात लावतात. केरळचे सगळेच अनुकरण करा असे मी म्हणणार नाही. लहान राज्य, दाट वस्ती, वीज आणि इंटरनेट चांगले. पण माणूस आधी, यंत्र नंतर हा क्रम कुठल्याही राज्याला परवडतो.

तो क्रम उलटा झाला की काय होते, याचे दाखले आता भरपूर आहेत. शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या केंद्राच्या ‘दीक्षा’ ॲपचा काही साठा क्लाउडवर कुलूप न लावताच राहिला होता, हे जानेवारी २०२३मध्ये ‘वायर्ड’ने उघड केले. १० लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची माहिती त्यात होती. कुणी फोडले नव्हते. साठा उघडा ठेवला होता. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेत शाळांच्या नोंदी सांभाळणाऱ्या पॉवरस्कूल कंपनीत चोरी झाली, ती चोरलेल्या एका पासवर्डने. दुसरे कुलूप, म्हणजे आपल्या सवयीचा ओटीपी, त्या दारावर नव्हते. कोट्यवधी मुलांची माहिती गेली आणि आरोपी निघाला १९ वर्षांचा विद्यार्थी. आपल्या नागपूर विभागात २०२५मध्ये बोगस शालार्थ आयडींचे प्रकरण गाजले. अपात्र व्यक्तींच्या नावे आयडी तयार करून पगार काढल्याचा आरोप आहे आणि त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. तिन्ही प्रकरणांत तंत्रज्ञान साधेच. प्रश्न एकच: दार कुणाच्या ताब्यात होते?

फुकटाचेही एक आहे. शाळांना अमर्याद साठा मोफत देणाऱ्या गुगलने फेब्रुवारी २०२१मध्ये सांगितले की आता संस्थेला मिळून १०० टेराबाइटच. एका शाळेला ते भरपूर आहे, पण सगळ्या शाळा एकाच खात्याखाली आणलेल्या राज्याला नाही. करार करताना बाहेर पडायची वाट विचारायची असते, ती यासाठी.

कायदाही आता मागे लागला आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येणारी संमती लागेल. शाळांना काही बाबतींत सवलत आहे, माहिती सुरक्षित ठेवण्याच्या जबाबदारीतून मात्र नाही. कंपनीने घोळ केला तरी उत्तर शाळेला द्यावे लागेल.

असे असताना शाळाशाळांत दिसते ते हे: शाळेचा ईमेल मुख्याध्यापकांच्या खासगी नावाने, ओटीपी जातो तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या सरांच्या मोबाईलवर आणि पासवर्ड कार्यालयातल्या कॅलेंडरच्या मागे. सर भले असतात, फोन उचलतात, आकडा सांगतात. ते भले नसते तर?

जबलपूरच्या हितकारिणी सभेने १८६८मध्ये शिक्षणाचे काम सुरू केले. अशा जुन्या संस्था आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांनी चालवलेल्या शाळा एका गोष्टीत श्रीमंत असतात: माजी विद्यार्थी. त्यांतले कितीतरी पुण्या-बंगळुरूत संगणकाच्याच नोकरीत आहेत. शाळेची आठवण आली की ते संगणक देणगी देतात, दारावर नावाची पाटी लागते. मंडळींनो, संगणक पुरे झाले. या दिवाळीत गावी याल तेव्हा शाळेच्या कार्यालयात दोन दिवस बसा. लिपिकाला १९ अंकी क्रमांक कसा जपायचा ते दाखवा, सोडून गेलेल्यांची खाती बंद करा, शाळेच्या नावाचा ईमेल आणि शाळेच्या नावाचा मोबाईल क्रमांक करून द्या, सगळी माहिती महिन्यातून एकदा उतरवून घ्यायची सवय लावा. आणि संचालक मंडळातल्या वाचकांना विनंती: पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत पहिला विषय हा ठेवा की शाळेच्या प्रत्येक प्रणालीचा मुख्य पासवर्ड आज कुणाकडे आहे, तो माणूस रजेवर गेला तर कुणाकडे असेल, आणि त्याला या कामासाठी आठवड्यातले किती तास मोकळे दिले आहेत. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.