गोष्टरंग

गोष्टरंग हा पालघर जिल्ह्यातील आदिवासी मुलांसाठी सुरू झालेला कथाकथन व वाचनाचा उपक्रम आहे. नीलेश निमकर यांनी २००७ मध्ये स्थापन केलेली, वाडा तालुक्यातील सोनाळे येथील ‘क्वेस्ट’ ही संस्था तो राबवते. त्याच्या उभारणीत अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी यांचा पुढाकार आहे.

येथील वारली, कातकरी इत्यादी समाजांतील अनेक मुले शाळेत जाणाऱ्या पहिल्याच पिढीतील आहेत. घरी बहुधा पुस्तक नसते आणि घरची बोली पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठीहून वेगळी असते. अशी मुले अक्षरे ओळखतात, पण वाचलेल्याचा अर्थ त्यांच्या हाती लागत नाही. या अडचणीला पुष्कळदा मठ्ठपणा समजले जाते, हा त्या मुलांवर अन्यायच होय.

गोष्टरंगमध्ये प्रशिक्षित तरुण कलाकार बालसाहित्यातील गोष्टी आश्रमशाळांत जाऊन नाट्यरूपाने सादर करतात. अनोळखी शब्दाचा अर्थ मुलांना अभिनयातून आणि प्रसंगातूनच उमगतो. प्रयोगानंतर पुस्तके मुलांच्या हाती येतात. भाषाशिक्षणाच्या दृष्टीने हा टप्पा प्रयोगाहून महत्त्वाचा आहे. पाहिलेली गोष्ट वाचताना पुढच्या ओळीत काय असेल, याचा अंदाज मूल बांधू शकते आणि अडलेला शब्द त्याच आधारावर सोडवते.