नागकेशर घेताय? आधी नीट पाहा

गोडा मसाला घरी करणाऱ्यांना नागकेशराची ओळख करून द्यायला नको. देठासकट वाळलेल्या बारीक काळ्या कळ्यांसारखं ते दिसतं आणि वास दालचिनीच्या जवळचा येतो. कारण मसाल्याच्या दुकानातलं हे ‘काळं नागकेशर’ बहुधा दालचिनीच्या जातभाई झाडांची कोवळी फळं असतात. मसाल्यात ती शोभतात, पण औषधातलं नागकेशर ते नव्हे.

आयुर्वेदाचं नागकेशर म्हणजे मेसुआ फेरिया या सदाहरित वृक्षाच्या फुलातले पुंकेसर. चार शुभ्र पाकळ्या, मधोमध सोनेरी केसरांचा दाट झुबका आणि दूरवर जाणारा सुगंध. पश्चिम घाटात आणि ईशान्येच्या ओलसर जंगलांत हा वृक्ष वाढतो. श्रीलंकेचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे.

या केसराचं मोठं काम म्हणजे वाहतं रक्त थांबवणं. चव तुरट-कडू, गुण ग्राही, म्हणजे बांधून ठेवणारा. रक्ती मूळव्याधीवर लोणी आणि साखरेबरोबर केसर नेमानं घ्यावं, असं चरकसंहितेत सांगितलं आहे. इतका साधा आणि पोटाला सौम्य योग मला फार मोलाचा वाटतो. वैद्य आजही तो देतात. चूर्णाची मात्रा साधारण १ ते ३ ग्रॅम. श्वेतप्रदरात ते ताकातून देतात. दालचिनी, वेलची आणि तमालपत्राबरोबर नागकेशर आलं की ‘चातुर्जात’ होतं, आणि च्यवनप्राशात शेवटी पडणाऱ्या सुगंधी द्रव्यांतही ही चौकडी असते.

कोकणात आणि गोव्यात जिचे गजरे हौसेनं माळतात, त्या सुरंगीच्या वाळलेल्या कळ्याही ‘तांबडं नागकेशर’ म्हणून विकल्या जातात. सुरंगी गुणी आहेच, पण ते झाड वेगळं. एकाच्या नावावर दुसरं खपवलं की गुण येत नाही आणि बोल मात्र औषधाला लागतो.

म्हणून तयार चूर्ण घेऊ नका. दळल्यावर ओळख पटणं कठीण. अखंड केसर मागा: पिवळसर-तपकिरी, नाजूक तंतूंचे झुबके. गोल कळी किंवा देठाचं फळ हातात आलं, तर परत करा. आणि शौचावाटे रक्त जात असेल, तर आधी तपासणी करून घ्या. ते मूळव्याधीचंच असेल असं नाही. निदान झाल्यावर नागकेशर वैद्यांना विचारूनच सुरू करा.