पंचवीस फेऱ्या: एक पहिला, एक शेवटचा

शर्यतीत जो पहिला येतो त्याचे नाव राहते आणि जो शेवटी येतो त्याला कोणी विचारत नाही, ही जगाची रीत. पण १४ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटरची जी शर्यत झाली, तिच्यातला पहिलाही लोकांच्या लक्षात राहिला आणि शेवटचाही. पहिला होता अमेरिकेतला एक आदिवासी. शेवटचा होता सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, एक जवान. शर्यत सुरू होण्यापूर्वी या दोघांकडे कोणाचेही लक्ष नव्हते.

(१४ ऑक्टोबर ही तारीख वाचून आपल्या वाचकांना नागपूर आठवेल. तो निव्वळ योगायोग आहे.)

दहा हजार मीटर म्हणजे दहा किलोमीटर. चारशे मीटरच्या रिंगणाला पंचवीस फेऱ्या. शंभर मीटरची शर्यत दहा सेकंदांत आटोपते. इथे मात्र अर्धा तास माणूस स्वतःच्या छातीशी आणि पायांशी झगडत असतो. त्या दिवशी जो जिंकला त्याने दर फेरी सरासरी ६८ सेकंदांत काढली. घरातल्या मुलांनी शाळेच्या मैदानावर चारशे मीटर मोजून एक फेरी तेवढ्या वेळात पळून पाहावी, आणि मग तशा आणखी चोवीस फेऱ्या न थांबता पळायच्या आहेत असे मनात आणावे. म्हणजे या खेळाची कल्पना येईल. त्यातून त्या काळी आजच्यासारखी रबरी धावपट्टी नव्हती. जळक्या कोळशाच्या चुऱ्याची पट्टी असे. टोकियोला तीही ओली होती, आणि इतक्या जणांच्या खिळ्यांच्या बुटांनी आतली बाजू उखणून गेली होती.

सगळ्यांच्या नजरा होत्या ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कवर. या अंतराचा विश्वविक्रम त्याच्याच नावावर होता, २८ मिनिटे १५.६ सेकंदांचा. मागच्या, म्हणजे १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत जिंकलेला रशियाचा बोलोत्निकोव्ह होता. त्याच रोममध्ये पाच हजार मीटर जिंकलेला न्यूझीलंडचा हॅलबर्ग होता. अशा मोठ्या नावांच्या गर्दीत अमेरिकेचा बिली मिल्स कोणाच्या खिजगणतीत असणार? त्याची तोवरची सर्वोत्तम वेळ क्लार्कच्या विक्रमापेक्षा जवळपास एक मिनिटाने जास्त होती. या खेळात एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक फेरी.

हा मिल्स कोण, ते आधी पाहू.

अमेरिकेच्या दक्षिण डकोटा राज्यात पाइन रिज नावाची आदिवासींची राखीव वस्ती आहे. इंग्रजीत तिला 'रिझर्व्हेशन' म्हणतात. आपल्याकडच्या आरक्षणाशी कोणी त्याचा घोटाळा करू नये. गोऱ्या वसाहतवाल्यांनी मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हुसकावून ज्या उरल्यासुरल्या जमिनीवर कोंडले, ती ही जागा. याच पाइन रिजमध्ये वुंडेड नी नावाचे ठिकाण आहे. १८९० सालच्या डिसेंबरात तेथे अमेरिकन सैन्याने लाकोटा जमातीची माणसे, बायका-मुलांसकट, गोळ्या घालून मारली. पिढ्यान्‌पिढ्या त्या मातीत राहणाऱ्या या सर्व आदिवासींना अमेरिकेचे नागरिकत्व कायद्याने मिळाले ते थेट १९२४ साली!

बिली मिल्सचा जन्म १९३८ चा, ओग्लाला लाकोटा जमातीतला. घरी गरिबी. आई तो लहान असतानाच गेली, बारा वर्षांचा झाला तोवर वडीलही गेले. आई गेल्यावर वडिलांनी त्याला जवळ घेऊन सांगितले होते की, बाळ, तुझे पंख मोडले आहेत. मोडलेले मन स्वप्नाने बरे होते, तेव्हा तुला कसले स्वप्न पडते ते शोध. हे बोल मिल्स यांनी पुढे असंख्य सभांतून सांगितले आहेत. पोरक्या बिलीला कॅन्सस राज्यातल्या हॅस्केल येथील आदिवासी मुलांच्या सरकारी निवासी शाळेत घातले गेले. तिथे तो पळू लागला. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि तो कॅन्सस विद्यापीठात गेला.

विद्यापीठात गेला म्हणजे सगळे सुरळीत झाले, असे नाही. त्याचे रक्त मिश्र होते. गोऱ्यांना तो आदिवासी वाटे आणि काही आदिवासींना तो पुरता आपला वाटत नसे. देशातल्या निवडक उत्तम धावपटूंत त्याची निवड झाली आणि सर्वांचा एकत्र फोटो काढायचे ठरले. फोटोवाल्याने त्याच्याकडे बोट दाखवून सांगितले, तू जरा बाजूला हो. एकदा झाले असते तर चुकून म्हटले असे मानता आले असते. तसे नव्हते. फोटोतून बाजूला काढणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या दिवशी हॉटेलच्या खोलीत जाऊन तो खिडकीशी खुर्चीवर उभा राहिला. जीव संपवावा असे त्याच्या मनात आले होते, हे त्याने स्वतःच नंतर उघडपणे सांगितले आहे. त्या क्षणी आतून वडिलांचा आवाज आल्यासारखे झाले: असे करू नकोस. तो खुर्चीवरून उतरला आणि कागद घेऊन त्यावर लिहिले की, ऑलिम्पिक, दहा हजार मीटर, सुवर्णपदक. त्याची तोवरची कामगिरी पाहता हा कागद कोणाला दाखवला असता तर हसूच झाले असते.

शिक्षण संपवून तो अमेरिकेच्या मरीन दलात अधिकारी झाला, लग्नही झाले. धावणे काही काळ सुटले होते, ते पुन्हा धरले. लांब पल्ल्यात शेवटच्या टप्प्यावर त्याचे अंग एकाएकी गळून जाई. रक्तातली साखर उतरते हे कारण पुढे कळले, मग खाण्यापिण्याचे वेळापत्रक बसवून तो त्यावर मात करू लागला. देशातल्या निवड चाचणीत तो दुसरा आला आणि टोकियोचे तिकीट मिळाले.

आता शर्यत.

बंदूक उडाली तेव्हा रिंगणात तीसहून अधिक धावपटू होते. क्लार्कची युक्ती अशी की एक फेरी जोरात आणि एक जरा दमाने, म्हणजे मागच्यांचा श्वास तुटावा. युक्ती चालली. एकेक मोठे नाव गळत गेले, हॅलबर्ग मागे पडला, बोलोत्निकोव्ह मागे पडला. अर्धी शर्यत झाली तेव्हा पुढे मोजके लोक उरले. त्यात इथिओपियाचा मामो वोल्डे होता, जपानचा त्सुबुराया होता, ट्युनिशियाचा मोहम्मद गम्मौदी होता, आणि कोणाला न कळणारा तो अमेरिकनही होता. मग त्सुबुराया सुटला, शेवटी वोल्डेही सुटला. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा क्लार्क, मिल्स आणि गम्मौदी असे तिघेच पुढे होते.

पुढे खरे, पण वाट मोकळी नव्हती. मागे पडलेल्या धावपटूंच्या या वेळी तीन-तीन, चार-चार फेऱ्या उरल्या होत्या. तेही त्याच पट्टीवर पळत होते. सांजवेळी दादर स्टेशनच्या पुलावरून गाडी पकडायला धावणाऱ्या माणसाला जशी वाट काढावी लागते, तसे या तिघांचे झाले. क्लार्क आतल्या बाजूला होता, त्याच्या पुढ्यात एक मागे पडलेला धावपटू आला, आणि बाजूला मिल्स. क्लार्क कोंडला गेला. त्याने मिल्सला एकदा ढकलून पाहिले, मग जोरात ढकलले. मिल्स हेलपाटत बाहेर फेकला गेला. तो सावरतो तोच मागून गम्मौदीने दोन्ही हातांनी दोघांच्या मधून वाट फोडली आणि तो निघूनच गेला!

क्लार्क त्याच्या पाठी लागला. मिल्स तिसरा, काही पावले मागे. आता पहिल्या दोघांतच निकाल लागणार हे सगळ्यांनी धरले. शेवटच्या वळणावरून सरळ रेषेत आल्यावर मिल्स बाहेरच्या बाजूने सुटला. अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर बोलणाऱ्या दोघांपैकी एकजण क्लार्क आणि गम्मौदीचेच वर्णन करत होता. शेजारी बसलेला जाणकार न राहवून ओरडला की मिल्सकडे बघा, मिल्सकडे! (दुसऱ्याच्या बोलण्यात ओरडल्याबद्दल त्या बिचाऱ्याची कामगिरी गेली, असे सांगतात.) मिल्सने आधी क्लार्कला मागे टाकले, मग गम्मौदीला, आणि दोन्ही हात वर करून दोरी छातीवर घेतली.

वेळ २८ मिनिटे २४.४ सेकंद, नवा ऑलिम्पिक विक्रम. स्वतःच्या पूर्वीच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा तो सुमारे ४६ सेकंदांनी लवकर आला होता. गम्मौदी ०.४ सेकंदाने मागे, क्लार्क त्याच्याही मागे एका सेकंदाने.

लगेच एक जपानी पंच धावत आला आणि त्याने विचारले, तू कोण? मिल्सच्या पोटात गोळा आला. त्याला वाटले आपण फेऱ्या मोजण्यात चुकलो, अजून एक बाकी आहे! बाकी काही नव्हते. पंचाला खरोखरच ठाऊक नव्हते की जिंकला तो कोण. क्लार्कलाही पत्रकारांनी विचारले की मिल्सची धास्ती वाटली होती का. त्याने सांगितले की त्याचे नावच मी कधी ऐकले नव्हते.

आणखी एक गोष्ट मिल्स सांगतात. शेवटच्या रेषेत एका मागे पडलेल्या जर्मन धावपटूला ओलांडताना त्याच्या बनियनवर गरुडाचे चित्र दिसले आणि वडिलांचे ते पंखांचे बोलणे आठवले. शर्यतीनंतर त्यांनी त्या धावपटूला मुद्दाम शोधून काढले. त्याच्या बनियनवर गरुड वगैरे काहीच नव्हते.

क्लार्कविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्या धक्क्यामुळे तो खलनायक वाटेल. तसा तो नव्हता. त्याने एकूण सतरा विश्वविक्रम केले, पण ऑलिम्पिकचे सुवर्णपदक त्याला कधीच मिळाले नाही. १९६६ साली तो प्राग शहरी एमिल झाटोपेकला भेटला. झाटोपेक म्हणजे १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये तीन लांब शर्यती जिंकलेला महान धावपटू. निरोप घेताना त्याने क्लार्कच्या हाती एक पुडके दिले. विमानात उघडून पाहिले तर आत झाटोपेकचे स्वतःचे सुवर्णपदक होते.

मिल्स त्याच ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनही धावला आणि चौदावा आला. १९६५ साली सहा मैलांच्या शर्यतीत त्याने जेरी लिंडग्रेनबरोबर विश्वविक्रम नोंदवला. दोघांची वेळ तंतोतंत सारखी! दहा हजार मीटरचे ऑलिम्पिक सुवर्ण त्याच्याखेरीज अमेरिकेच्या दुसऱ्या कोणालाही २०२४ च्या पॅरिसपर्यंत मिळालेले नाही. पण मला त्याहून मोठे वाटते ते पुढचे. लाकोटा लोकांत असा रिवाज आहे की ज्याला मोठे यश मिळाले त्याने आपल्याजवळचे देऊन टाकून समाजाचे ऋण फेडावे. १९८६ पासून मिल्स यांनी एका संस्थेमार्फत आदिवासी वस्त्यांत पिण्याचे पाणी, अन्न आणि मुलांचे शिक्षण यासाठी काम उभे केले. त्यासाठी राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते २०१३ साली त्यांना नागरी सन्मानाचे पदक मिळाले. या वेळी मात्र फोटोतून त्यांना कोणी बाजूला काढले नाही.

आता दुसऱ्याकडे वळू. जिंकणारे तिघे येऊन गेले, टाळ्या झाल्या. मागचेही एकेक करत आले. पट्टी रिकामी झाली असे वाटले, पण एकजण पळतच होता. छातीवर क्रमांक ६७. सिलोनच्या लष्करातला जवान, नाव रणतुंगे करुणानंद.

तो समोरून गेला तेव्हा प्रेक्षकांना वाटले, चला, संपले. पण तो थांबला नाही. त्याच्या फेऱ्या बाकी होत्या. लोक हसू लागले, काहींनी हुर्यो केली. करुणानंदने कोणाकडे पाहिले नाही. आणखी एक फेरी. हसणे थांबले. एवढ्या मोठ्या रिंगणात एकटा माणूस, पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, आणि तरी पाऊल नेटाने पडते आहे. मग कुठूनतरी टाळी वाजली, दुसरी वाजली, आणि तो शेवटच्या फेरीला लागला तोवर सारे प्रेक्षागार उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याने रेषा ओलांडली तेव्हाचा गजर जिंकणाऱ्यासाठी झाला त्याहून कमी नव्हता, असे पाहणारे सांगतात.

निकालपत्रकात त्याची वेळ आहे ३४ मिनिटे २१.२ सेकंद, क्रमांक एकोणतिसावा. मिल्सपेक्षा जवळपास सहा मिनिटे उशिरा. वाटेत शर्यत सोडून गेलेल्यांची नावे त्याच्या खाली आहेत. आता त्यांत कोण कोण होते, हे कोणी शोधत नाही. का थांबला नाहीस असे विचारल्यावर त्याने सांगितले की ऑलिम्पिकमध्ये भाग घेणे हेच मोठे, मी भाग घ्यायला आलो आणि माझ्या फेऱ्या मी पूर्ण केल्या.

जपानी लोकांनी त्याला विसरू दिले नाही. क्रमांक सडसष्टची गोष्ट तिथल्या प्राथमिक शाळेच्या क्रमिक पुस्तकात धडा म्हणून आली, आणि एका पिढीच्या मुलांनी ती वर्गात मोठ्याने वाचली. करुणानंद १९७४ साली पाण्यात बुडून वारला. चाळिशीही गाठली नव्हती.