चिठ्ठी टाकून दिलेले औषध

औषधोपचाराच्या विषयावर कामगार संघटनेच्या माणसाने बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. आम्ही डॉक्टर नाही. शाळा आमची रात्रीची, आणि तीही अर्धीच. जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, मालकांशी करायच्या करारांचे मसुदे उलटसुलट करताना झाले. पण ती कागद वाचण्याची सवयच आम्हाला या विषयाकडे घेऊन आली. मंडणगड तालुक्यातला माणूस आजारी पडला आणि येथे निभावले नाही, की त्याला मुंबईस नेतात. तेथे कोणी ना कोणी चाकरमानी नातेवाईक असतोच. मोठ्या इस्पितळात हल्ली अशा रोग्यांपुढे कधीकधी एक कागद येतो. 'संशोधनात सहभागी होण्यास माझी संमती आहे.' हा कागद घेऊन माणसे आमच्याकडे येतात, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, हे आमच्यावर प्रयोग करणार काय?"

याचे खरे उत्तर 'होय' असे आहे. ते लपविण्यात हशील नाही. पण प्रयोग कशाला म्हणतात, तो न करता औषध दिले तर काय होते, आणि प्रयोगात माणसाचा हक्क कोठवर पोचतो, हे कळल्यावाचून त्या 'होय'ला भिण्यातही अर्थ नाही आणि त्यावर डोळे मिटून अंगठा उठविण्यातही नाही.

यासाठी उदाहरण शोधायला लांब जायला नको. शेजारच्या महाडातच ते घडले आहे. आपल्या कोकणात लाल विंचू पुष्कळ. जांभ्याच्या गडग्यात, लाकूडफाट्यात, पेंढ्याच्या उडवीत, रात्री बाहेर राहिलेल्या वहाणेत तो बसलेला असतो. काळ्या मोठ्या विंचवाची माणसाला भीती वाटते, पण जीव घेतो तो हा लहान लाल. मुले तर पाहता पाहता जात. नांगी लागल्यावर अंग घामाने निथळे, हातपाय गार पडत, आणि काही तासांनी धाप लागून तोंडाला तांबूस फेस येई. मग मंत्र, उतारा, अंगारा. दवाखान्यात नेले तरी तेथेही नेमके काय करावे हे कोणास ठाऊक नव्हते. जी इंजेक्शने दिली जात त्यांतली काही तर उलट अपाय करणारी होती.

डॉ. हिम्मतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातून, गरिबीतून शिकून आलेले. १९७६ च्या सुमारास महाड तालुक्यातील बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात ते नोकरीस लागले. विंचूदंशाच्या रोग्याजवळ बसून राहावे, नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची टिपणे करावी, हा त्यांचा क्रम. त्या टिपणांवरून १९८२ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे लेखन छापून आले. खेड्यातल्या केंद्रात बसलेल्या माणसाने हे केले, याचा आम्हा बिनशिक्क्याच्या वाचकांना विशेष आनंद वाटतो.

त्या टिपणांतून जे उमगले ते असे. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंना असे चेतवते की शरीरात ॲड्रिनलीनच्या जातीच्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो, आणि हृदयाला बंद दारावर धडका दिल्यासारखे काम करावे लागते. गिरणीतल्या माणसाला एका वाक्यात सांगायचे तर, पुढचा व्हॉल्व्ह बंद असताना पंप चालू ठेवावा तसे. अखेर पंप थकतो आणि पाणी मागे तुंबते; येथे ते फुफ्फुसात तुंबते. मग उपाय पंपाला चाबूक मारण्याचा नव्हे, व्हॉल्व्ह उघडण्याचा. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची एक जुनी, स्वस्त गोळी नेमके हेच करते. १९८३-८४ पासून डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ती देण्यास सुरुवात केली. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत; ते प्रमाण गोळीनंतर एकदोनावर आले. पुढे २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मरण तीस-चाळीसावरून एकदोनावर आले तर ते उघड्या डोळ्यांना दिसते. पण सगळी औषधे अशी ढळढळीत गुण देत नाहीत. विंचवाच्या विषावरची लस, म्हणजे प्रतिविष, तयार झाली तेव्हा प्रश्न पडला: गोळीने माणूस वाचतोच आहे, मग लसही टोचल्याने काही अधिक लाभ होतो काय? वरवर पाहता उत्तर सोपे. काहींना लस द्यावी, काहींना न द्यावी, आणि पाहावे. पण कोणाला द्यावी हे डॉक्टराने आपल्या मनाने ठरविले तर घोटाळा होतो. तो साहजिकच अधिक अत्यवस्थ माणसाला लस देईल, किंवा जो लवकर येऊन पोचला त्याला देईल, आणि मग गुण लसीचा की लवकर येण्याचा हे कधीच कळणार नाही. आम्ही हे कारखान्यात पाहिले आहे. दोन खात्यांच्या उत्पादनाची तुलना मांडून साहेब सांगतो, 'हे खाते आळशी.' चौकशी करावी तर फोरमनने चांगली यंत्रे आधीच आपल्या माणसांना वाटलेली असतात.

म्हणून वाटप चिठ्ठी टाकून करायचे. चिठ्ठी वशिला जाणत नाही, दया जाणत नाही. दोन्ही गटांत म्हातारे-तरुण, लवकर आलेले-उशिरा आलेले साधारण सारखे पडतात, आणि मग शेवटी जो फरक उरतो तो औषधाचा. महाडला तसे केले. विंचू चावलेल्या ७० जणांपैकी ३५ जणांना गोळी व लस, ३५ जणांना नुसती गोळी. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निकाल आला: दहा तासांत लस घेतलेल्यांपैकी ३२ जण पूर्ण बरे, नुसत्या गोळीवाल्यांपैकी ८. (कोणाला काय दिले हे येथे डॉक्टरांना ठाऊक होते, ते लपविता आले असते तर प्रयोग आणखी पक्का झाला असता, असे जाणकार म्हणतील. पण ३२ आणि ८ यांतले अंतर मोठे आहे.)

आता शस्त्रक्रियेकडे वळू. तंबाखू, मिश्री, गुटखा यांमुळे तोंडाचा कर्करोग आपल्याकडे फार. गालाला किंवा जिभेला लहानशी गाठ आहे, मानेत हाताला काही लागत नाही, अशा रोग्याची तोंडातली गाठ काढताना मानेतल्या ग्रंथीही त्याच वेळी काढाव्या, की त्या सुजेपर्यंत वाट पाहावी, यावर जगभरचे शल्यवैद्य अनेक वर्षे भांडत होते. दोन्ही बाजूंना मोठमोठे लोक होते, आणि जो तो आपल्या अनुभवाची साक्ष काढी. वाट पाहा म्हणणाऱ्यांचे म्हणणेही हलके नव्हते. मान उघडली की खांद्याच्या नसेला धक्का बसू शकतो आणि हात वर उचलताना त्रास होतो. कारकुनाला ते चालेल. हमालाच्या खांद्याला ते चालत नाही. ज्याच्या मानेत रोग गेलेलाच नाही त्याचा खांदा उगाच का दुखवावा?

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २००४ साली यावर चिठ्ठ्या टाकण्यास आरंभ केला. दहा वर्षे हे काम चालले. पहिल्या ५०० रोग्यांचा हिशेब झाला तेव्हा, ज्यांची मान आधीच साफ केली त्यांतले शंभरात ८० जण तीन वर्षांनी हयात होते. वाट पाहिलेल्यांत साडेसदुसष्ट. म्हणजे आठ जणांची मान आधी उघडली की एकाचा मृत्यू टळतो. हा फरक दिसताच, आकड्यांवर स्वतंत्रपणे लक्ष ठेवणाऱ्या समितीने पुढील चिठ्ठ्या थांबविण्यास सांगितले. कारण उत्तर हाती आल्यावर निम्म्या लोकांना कमी प्रतीचा उपचार देणे अन्याय झाला असता. २०१५ साली अमेरिकेच्या प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि जगातला तो वाद बव्हंशी मिटला. खांद्याचा प्रश्न उरतोच, पण आता हमाल निदान तोलून ठरवू शकतो: एका पारड्यात खांदा, दुसऱ्यात आठात एक जीव.

त्याच रुग्णालयाचे दुसरे काम याहून साधे आणि आमच्या मते अधिक बोलके आहे. दात काढताना हिरडी बधिर करतात ते लिग्नोकेन सर्वांना ठाऊक आहे. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे तिच्या भोवताली हे बधिर करणारे औषध टोचले तर? गाठ हलविताना रोगाच्या पेशी रक्तात सुटत असतील तर त्यांना अटकाव होईल, अशी कल्पना. डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी देशातील ११ इस्पितळांत मिळून सुमारे १,६०० स्त्रियांवर चिठ्ठ्या टाकून हे पाहिले. पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रिया टोचलेल्या गटात शंभरात ९०.१, न टोचलेल्यांत ८६.४. हा निकाल २०२३ साली छापून आला. एका प्रयोगावर जग लगेच डोलत नाही, आणि ते योग्यही आहे. असा प्रयोग इतरत्रही व्हायला हवा. पण आम्हाला यात दिसते ते हे, की लिग्नोकेनवर कोणाचे पेटंट नाही. त्याच्या नव्या उपयोगातून कोणत्याही कंपनीचा गल्ला भरणार नाही. मग हा प्रश्न विचारणार कोण? लोकांच्या पैशावर चालणाऱ्या इस्पितळानेच विचारायचा. प्राझोसिनचेही तेच. विंचू गरिबाला चावतो, आणि गरिबाच्या रोगावर जुनी गोळी उपयोगी पडते की नाही हे पाहण्यास बाजार उत्सुक नसतो.

महाग औषधांच्या बाबतीतही अशी धिटाई होऊ शकते. निव्होलुमॅब हे कर्करोगावरचे नवे औषध सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे. टाटामध्येच डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांवर त्याची नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी मात्रा वापरून पाहिली. इतर गोळ्यांबरोबर ही अल्प मात्रा मिळालेले शंभरात ४३ जण वर्षभर जगले. नुसत्या गोळ्यांवर १६. पूर्ण मात्रेशी मात्र ही तुलना नव्हती, हे विसरून चालणार नाही. कराराचे कागद वाचणाऱ्याने 'कशाशी तुलना?' हा प्रश्न नेहमी पहिल्याने विचारावा.

याच प्रश्नाने आम्हाला एका प्रकरणी फार अस्वस्थ केले आहे. १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट पाडून टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री व सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. एका गटात, दहावीपर्यंत शिकलेल्या व चार आठवडे शिकविलेल्या सेविका दर दोन वर्षांनी पातळ ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्याच्या जातीचे द्रव्य लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी करीत. दुसऱ्या, सुमारे ७६ हजार स्त्रियांच्या गटाला रोगाची माहिती सांगितली, पण तपासणी केली नाही. २०१३ साली निकाल सांगितला गेला: तपासलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू शेकडा ३१ नी कमी. विलायती प्रयोगशाळांवाचून, वस्तीतल्या मुलींच्या हातून इतके मृत्यू टळू शकतात, ही थोर गोष्ट आहे. पण दुसऱ्या गटाला काहीच तपासणी का नाही, असा आक्षेप परदेशातून व येथूनही घेतला गेला. उत्तर मिळाले, की देशात अशी तपासणी तेव्हा कोणालाच मिळत नव्हती. जे चालू होते त्याच्याशीच तुलना केली.

हे उत्तर खोटे नाही. या पद्धतीने खरोखर जीव वाचतात हे १९९८ साली सिद्ध झालेले नव्हते, आणि सिद्ध झाल्यावर दुसऱ्या गटालाही तपासणी देण्याचे ठरले. तरीही 'येथे हेच चालत आले आहे' हे वाक्य आम्ही वाटाघाटींच्या टेबलावर इतक्यांदा ऐकले आहे, की ते डॉक्टराच्या तोंडून आले तरी आमचे कान टवकारतात. जे चालत आले होते ते गरिबीमुळे चालत आले होते. त्या वस्तीतल्या बाईला आपण कोणत्या गटात आहो आणि दुसऱ्या गटाला काय मिळते आहे, हे पुरते समजावून सांगितले गेले असेल तर आमची तक्रार नाही. सगळा भार त्या समजावण्यावर आहे.

त्यासाठी आज नियम आहेत. २००९ पासून अशी प्रत्येक औषधचाचणी आरंभीच सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते, म्हणजे निकाल नकोसा आला म्हणून ती गिळून टाकता येत नाही. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. प्रयोगाला आधी नीतिसमितीची मान्यता लागते. तीत किमान सात सभासद, निम्मे तरी त्या इस्पितळाबाहेरचे, एक कायदा जाणणारा, आणि एक अगदी साधा नागरिक, ज्याला वैद्यक येत नाही असा. ही खुर्ची आमच्यासारख्यांची आहे, आणि ती रिकाम्या डोक्याने अडवून बसण्यासाठी नाही. प्रयोगामुळे इजा झाली तर औषधोपचार फुकट, व ठरलेली भरपाई. मध्येच नको वाटले तर कारण न सांगता बाहेर पडता येते, आणि त्यापायी नेहमीचा उपचार कोणी बंद करू शकत नाही. कागद रोग्याला समजेल अशा भाषेत हवा. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर तो वाचून दाखविला पाहिजे, आणि सही झाल्यावर त्याची एक प्रत रोग्याच्या हाती द्यावी लागते. ती न दिल्यास मागून घ्यावी.