पालवणकर बाळू : आधी गोलंदाज

पालवणकर बाळूंचे नाव निघाले की सगळ्यात आधी मातीच्या भांड्याची गोष्ट सांगितली जाते. पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना बाळूंनी टाकलेला चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरत असे, त्याचा कुणाला विटाळ होत नसे. पण चहाच्या सुट्टीत बाकीच्यांना चिनी मातीच्या कपात चहा मिळे आणि बाळूंना मंडपाबाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताट वेगळे, पंगत वेगळी. तोंड धुवायला पाणी हवे असले तरी ते अस्पृश्य गड्यानेच कोपऱ्यात नेऊन द्यायचे. ही गोष्ट खरी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. मला सलते ते एवढेच, की ती सांगून झाली की बाळूंविषयीचे बोलणेही बहुधा तिथेच आटोपते. ज्याच्या पंक्तीला बसायची संघाची तयारी नव्हती त्याच्यावाचून त्याच संघाचे अडत होते, ते का? त्या हातात होते तरी काय?

माझे मत स्पष्ट आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत या देशात बाळूंच्या तोडीचा गोलंदाज नव्हता. त्यांची थोरवी मोजायची तर आधी त्या गोलंदाजीवर मोजावी. तसे केले की अन्यायही जास्त स्पष्ट दिसतो, कारण तो नेमका कुणावर झाला हे मग कळते.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणे मूळचे रत्नागिरीकडच्या पालवणचे, चर्मकार समाजातले. वडील सैन्यात नोकरीला असल्यामुळे बिऱ्हाड पुण्यात आले आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या चेंडू-बॅटींवर ही मुले खेळायला शिकली. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या मैदानावर झाडलोटीची, पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास ते पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात लागले, तिथे चार रुपये मिळू लागले. रोलर फिरवायचा, खेळपट्टी आखायची, नेट बांधायचे, वेळ पडली तर टेनिसच्या कोर्टावरही चुना मारायचा. मग एका साहेबाने त्यांना नेटमध्ये चेंडू टाकायला सांगितले आणि तिथून पुढचे सगळे घडले.

त्या नेटमध्ये जे. जी. ग्रेग नावाचे लष्करी अधिकारी असत. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फलंदाजांत त्यांचा नंबर फार वरचा. ते इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करत. बाळूंनी बाद केले की ग्रेग त्यांना आठ आणे देत, असे सांगतात. महिन्याला चार रुपये मिळवणाऱ्या पोराला आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांचा पगार. मला ही हकीकत चहाच्या गोष्टीइतकीच महत्त्वाची वाटते. वर्षानुवर्षे, रोज, अव्वल फलंदाजासमोर शेकडो चेंडू टाकायला मिळणे ही त्या काळी हिंदुस्थानातल्या कुठल्याच गोलंदाजाला न मिळालेली तालीम होती. आणि त्याच नेटमध्ये बाळूंच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही. बॅट साहेबांची, चेंडू गड्याचा.

ते डावखुरे फिरकी गोलंदाज होते. धाव आखूड, हात सहज वर येणारा. चेंडू दोन्ही बाजूंना वळवता येई, वेग आणि उंची कमी-जास्त करता येई आणि टप्पा सहसा चुकत नसे. वाचायला हे वर्णन साधे वाटते. त्यातली कारागिरी मला खऱ्या अर्थाने उमगली ती आमच्या टिटवाळ्यात, काळू नदीच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत. तिथे एक डावखुरा मुलगा संध्याकाळी एकटाच गोलंदाजी करत असतो. टप्प्यावर एक चपटा दगड ठेवायचा आणि त्यावर चेंडू पाडायचा, एवढाच त्याचा खेळ. एक चेंडू दगडावर पडतो, पुढचा वीतभर अलीकडे, त्याच्या पुढचा बाहेर. मनगट जरा आधी सुटले की चेंडू उंच जातो, जरा उशिरा सुटले की पायाशी आपटतो. समोर फलंदाज नसताना हे इतके अवघड. बाळूंना ते ग्रेगसारखा माणूस पुढे सरसावून खेळत असताना साधायचे होते, आणि साधत होते.

त्यांचा बोलबाला झाला तेव्हा पुण्याच्या हिंदू क्लबापुढे पेच पडला. युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा, आणि घ्यायचा तर शिवाशिव आड येते. क्लबातल्या तेलुगू मंडळींचा पाठिंबा होता, काही ब्राह्मण खेळाडूंचा विरोध. शेवटी घेतले, पण मैदानापुरतेच. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धच्या सामन्यात बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टी आठवडाभर रोलर फिरवून टणक केली होती, तरी त्यांनी सात बळी घेतले. त्यानंतर हत्तीवरून मिरवणूक निघाली आणि न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर सत्कारात त्यांना हार घातला. पुण्याने हत्तीवर बसवले. पंक्तीत बसवायला मात्र आणखी काही वर्षे गेली.

१८९६च्या प्लेगनंतर ते मुंबईला आले. इथे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने, थोड्या कुरबुरीनंतर, त्यांना आपल्या संघात घेतले. हळूहळू धाकटे भाऊ शिवराम, विठ्ठल आणि गणपत हेही पुढे आले. एकाच घरातले चार भाऊ अव्वल दर्जाचे क्रिकेट खेळले.

फेब्रुवारी १९०६मध्ये बॉम्बे जिमखान्यावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदू २४२, युरोपियन १९१, हिंदू १६०. युरोपियनांना जिंकायला २१२ हव्या होत्या. ते १०२ धावांत गडगडले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. वंगभंगाविरुद्ध स्वदेशीची चळवळ पेटली होती, त्यामुळे या विजयाचा अर्थ क्रिकेटपुरता उरला नाही. पुढच्या वर्षी हिंदू पुन्हा जिंकले.

मग १९११चा इंग्लंड दौरा. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग कप्तान. ते बहुतेक वेळ ब्रिटिश राजाच्या राज्याभिषेकाच्या समारंभांत आणि मेजवान्यांत होते आणि उत्तम फलंदाज असलेले आपले चिटणीस मिस्त्री यांनाही सोबत घेऊन गेले. त्यामुळे संघ कप्तानाविना आणि आपल्या सर्वांत चांगल्या फलंदाजाविना खेळला. २३ सामन्यांपैकी १५ हरले, ६ जिंकले. या पडझडीत पस्तिशीच्या बाळूंनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्यातले ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांतले, सरासरी २०.१२. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत ८. लॉर्ड्सवर एम.सी.सी.विरुद्ध ९६ धावांत ४. प्रथम दर्जाच्या सामन्यांतला पहिला विजय लेस्टरमध्ये मिळाला, तिथे बाळूंचे ११ बळी. दुसरा सॉमरसेटविरुद्ध अवघ्या एका गड्याने, आणि तो शिवराम यांच्या नाबाद ११३ धावांमुळे. दोन विजय, दोन्हींत पालवणकर.

सरासरीच्या आकड्यावर बोट ठेवून कुणी म्हणेल की इंग्लिश कौंटीतल्या अव्वल गोलंदाजांचेही आकडे असेच असत. बरोबर आहे. पण त्यांच्यामागे क्षेत्ररक्षण होते, पाठीशी धावा होत्या, हाताला विश्रांती होती. बाळूंना अनोळखी हवामानात, दुखऱ्या हाताने, डाव बहुधा आधीच गमावलेला असताना एका टोकाने चेंडू टाकत राहायचे होते. हे लक्षात घेतले की तो आकडा मला कौंटीतल्या पुष्कळांपेक्षा मोठा वाटतो.

त्याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला मुष्टियुद्धात असाच एक हिशेब चालू होता. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीयाने टॉमी बर्न्सला हरवून हेवीवेटचे जगज्जेतेपद मिळवले. पण त्याच पिढीतला सॅम लँगफर्ड, ज्याला पुष्कळ जाणकार जॉन्सनच्या बरोबरीचा मानत, त्याला हेवीवेटच्या जगज्जेतेपदाच्या लढतीची संधी कधी मिळालीच नाही. गोरे टाळत, आणि जगज्जेता झाल्यावर जॉन्सननेही टाळले. पुढे १९४४ साली एका पत्रकाराला लँगफर्ड हार्लेममध्ये आंधळा आणि कंगाल अवस्थेत सापडला. लँगफर्डची थोरवी मोजताना किताबांची यादी उपयोगाची नाही. त्याला कोण टाळत होते ते पाहावे लागते.

बाळूंचा किताब म्हणजे हिंदू संघाचे कप्तानपद. ते त्यांना टाळले गेले. वर्षामागून वर्षे त्यांच्यापेक्षा कमी अनुभवाचे, कमी कर्तबगारीचे सवर्ण खेळाडू कप्तान झाले. १९१३ साली कप्तान झालेल्या एम. डी. पै यांनी आपल्याच सत्कारात सांगितले की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता. पैंच्या या मोठेपणाची नोंद घ्यायला हवी. १९२०च्या, हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन संघांच्या चौरंगी सामन्यांत पै आजारी पडले तेव्हा कप्तानपद विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधरांकडे गेले आणि बाळूंना वगळण्यात आले. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघ सोडला. मग अंतिम सामन्याला पै परतले, बाळूंना उपकप्तान करण्यात आले, भाऊही परतले. १९२३मध्ये विठ्ठल कप्तान झाले. बाळूंचा खेळ तोवर संपला होता. धाकट्या भावाच्या कप्तानपदात थोरल्याचे किती वर्षांचे चेंडू होते, याचा हिशेब कुठल्या धावफलकात सापडत नाही. विठ्ठल यांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले. हे पुस्तक आज सहज मिळत नाही, ही मराठी प्रकाशनाची मोठी उणीव आहे.

मग बाळू विसरले का गेले? जात हे एक कारण, पण एकटे नव्हे. कसोटी क्रिकेट आपल्याकडे १९३२ साली आले आणि आपला क्रिकेटचा इतिहास बहुतेक तिथूनच सुरू होतो. दुसरे कारण अवघड आहे. तरुणपणी डॉ. आंबेडकरांना बाळूंचा अभिमान होता. पण १९३२मध्ये पुणे कराराच्या वेळी बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूला राहिले आणि १९३७च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. त्यांची ती भूमिका मला पटत नाही. काँग्रेसने त्यांच्या नावाचा वापर केला, असेच मला वाटते. पण परिणाम असा झाला की ज्या चळवळीने त्यांची आठवण सर्वांत अभिमानाने जपली असती तिच्यासाठी ते समोरच्या बाजूचे ठरले, आणि सवर्ण क्रिकेटला तर त्यांची आठवण अडचणीचीच होती. ४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढची कित्येक दशके त्यांचे नाव मोजक्या अभ्यासकांपलीकडे गेले नाही. २००२ साली रामचंद्र गुहांच्या ग्रंथामुळे ते पुन्हा लोकांसमोर आले.

प्रथम दर्जाचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. यांतले बहुतेक तिशी उलटल्यावरचे, कारण ऐन उमेदीची वर्षे ज्या सामन्यांत गेली त्यांना तो दर्जाच नव्हता. डावखुऱ्या फिरकीची मुंबईची परंपरा सांगताना आपण विनू मांकडांपासून सुरुवात करतो, बापू नाडकर्णींवर येतो आणि पद्माकर शिवलकरांपाशी हळहळतो. शिवलकरांनी प्रथम दर्जाचे ५८९ बळी घेतले आणि एकही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही. मुंबईच्या मैदानांवर जुने जाणते शिवलकरांना कसोटीवीरांच्याच पंक्तीत बसवतात, ते खेळले नाहीत यात त्यांचा दोष नाही असे म्हणतात. बाळूंनाही हाच निकष लावावा. मग ही यादी मांकडांच्या आधी चाळीस वर्षे, पुण्याच्या युरोपियन क्लबातल्या त्या नेटपासून सुरू करावी लागेल.