उचल जिल्ह्याच्या कोणत्या खात्यात धरायची?

दसऱ्याच्या आगेमागे नांदेड-लातूर जिल्ह्यांतल्या मुखेड, कंधार, जळकोट भागातल्या तांड्यांवर आणि वाड्यांवर ऊसतोडीची उचल म्हणून रोकड येते. सावकाराचं देणं भागतं, घरावर पत्रे चढतात, लग्नं ठरतात. जिल्ह्यात पैसा आला असं वाटावं अशीच ही हालचाल असते. पण उचल म्हणजे अजून न तोडलेल्या उसाची आगाऊ मजुरी. कारखाना वाहतूकदाराला पैसे देतो, वाहतूकदार टोळी जमवणाऱ्या मुकादमाला, मुकादम कोयत्याला. आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जानेवारी 2024मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे 366 रुपये झाला. या दराने एक लाखाची उचल फेडायला 273 टन ऊस तोडावा लागतो. जोडीने रोज दोन टन तोडला तरी साडेचार महिने गेले. वर दर आठवड्याची खर्ची त्याच खात्यावर चढते आणि आजारपणात खाडा लागतो. ऊस लवकर संपला तर उरलेली बाकी पुढच्या हंगामावर जाते. म्हणून उचलीला मी जिल्ह्याचं उत्पन्न मानत नाही. ते कर्ज आहे.

सरकारी आकड्यांत हा फरक उमटत नाही, याला कारण मोजणीची रीत. जिल्ह्याचं उत्पन्न जिथं उत्पादन झालं तिथं धरतात. म्हणजे मुखेडची जोडी ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरला गेली, की तिचे कष्ट तिथल्या खाती जमा, आणि देणं मुखेडात. अमेरिकेत करविवरणपत्रांवरचे पत्ते बदलले की कोणत्या काउंटीतून किती कुटुंबं आणि किती उत्पन्न हललं, ते कळतं. आपल्याकडे ऊसतोड मजूर विवरणपत्र भरतच नाही. राहिली जनगणना. 2011ची शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, ऐन हंगामात. 2027चीही फेब्रुवारीतच ठरली आहे. त्या सगळ्या दिवसांत जो गावी नसतो, त्याला सापडेल तिथं मोजायचं असा नियम आहे. उसाच्या फडाशेजारच्या कोपीपर्यंत प्रगणक पोचला तर ठीक. आणि बाईच्या स्थलांतराचं कारण ‘कुटुंबासोबत’ असं लिहिलं गेलं, तर निम्मा कोयता कागदावरून पुसला गेला.

यावर लातूरचं उदाहरण पुढे येईल. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून गाजलेल्या परीक्षांच्या तयारीने शेजारच्या जिल्ह्यांतली मुलं आणली, त्यांच्याबरोबर फी, खोलीभाडं, मेसचे पैसे आले, नांदेडच्या भाग्यनगर या क्लासच्या वस्तीतही तेच. मग जमाखर्च बरोबरीत सुटत नाही का? बेरजेत कदाचित सुटेल. पण हा पैसा शहरातल्या घरमालकाकडे आणि क्लासकडे थांबतो, जळकोटच्या तांड्यावर जात नाही. उलट तालुक्यातला शेतकरीही सोयाबीन विकून तीच फी भरतो. जिल्हा हे एकक धरलं की ही आतली वाट झाकली जाते. हिशेब निदान तालुकावार हवा. तो अशक्य नाही. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे पैसे घ्यायचे ठरलेच आहे. त्या टनाबरोबर टोळीचं गाव, उचल आणि हंगामाअखेरची बाकी एवढे तीन रकाने मागता येतात. मुकादमाच्या वहीत ते आजही असतात.