पिल्लाच्या डोक्यावरचा ठिपका

"बारा पिल्लं निघाली, पण त्यात कोंबडे किती न् तलंगा किती, हे आत्ताच कसं समजावं वो बाई?" नागपूरजवळच्या एका खेड्यातल्या काकू विचारत होत्या. प्रश्न खर्चाचा होता. अंडी विकून घराला हातभार लावायचा तर तलंगा हव्यात. पण गावरान पिल्लांत कोंबडा नक्की ओळखू येईस्तोवर महिना-दीड महिना जातो आणि तोवर दाणे सगळ्यांनाच घालावे लागतात.

टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते, असं आपल्याकडच्या आज्या सांगत. ते खरं नाही. अंड्याच्या आकाराचा त्याच्याशी संबंध नसतो. मात्र जोडी नीट निवडली, तर आईबापाच्या पिसांवरून पिल्लं ओळखता येतात.

ऱ्होड आयलंड रेड जातीचा तांबडा कोंबडा आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची प्लायमाउथ रॉक कोंबडी घ्या. एकविसाव्या दिवशी अंडी फुटली की पिल्लं काळीच दिसतील. पण ज्यांच्या डोक्यावर पांढुरका ठिपका, ते कोंबडे. ज्यांचं डोकं पूर्ण काळं, त्या तलंगा!

हे होतं कसं? कोंबड्याकडे 'झेड' नावाची दोन गुणसूत्रं असतात, तर कोंबडीकडे एक 'झेड' आणि एक 'डब्ल्यू'. पट्ट्यांचा गुण 'झेड'वर असतो. आई आपलं 'झेड' फक्त मुलाला देते, म्हणून ठिपका मुलालाच येतो. लेकीला आईकडून 'डब्ल्यू' मिळतं आणि तिचं 'झेड' येतं तांबड्या बापाकडून. त्यावर पट्टे नसतातच.

जोडी उलटी केली, म्हणजे कोंबडा पट्ट्यांचा आणि कोंबडी तांबडी घेतली, तर सगळ्याच पिल्लांना पट्टे येतात आणि युक्ती फसते. सरमिसळ गावरान कोंबड्यांतही तिचा भरवसा नाही. जात शुद्धच हवी. बदकांतही असंच आहे. चॉकलेटी नर आणि काळी मादी असेल, तर चॉकलेटी पिल्लं माद्या आणि काळी पिल्लं नर.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये धान्याची टंचाई झाली, तेव्हा केंब्रिजच्या पनेट या शास्त्रज्ञानं हाच मार्ग सुचवला होता. कोंबडे आधीच वेगळे काढा, दाणे वाचवा!

शुद्ध जातीची चौकशी करायची असेल, तर २००० साली स्थापन झालेलं महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नागपुरातच आहे. तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जरूर विचारा.

हे सगळं ऐकून काकू जराशा थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे कोंबडीत आईवरून ठरते. आपल्यात?"

आपल्यात उलट आहे. बाईकडे दोन्ही गुणसूत्रं 'एक्स'च असतात. 'एक्स' की 'वाय', हे पुरुषाकडून येतं. तेही कुणाच्या हातात नसतं. पण लागोपाठ मुली झाल्या म्हणून बोल मात्र सुनेलाच लावतात. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे तपासणं महाराष्ट्रानं १९८८ मध्ये कायद्यानं रोखलं आणि १९९४ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. तरी घरातले टोमणे कायद्यानं थांबत नाहीत.

काकूंना तीन मुली. "सासूबाई असत्या तर त्यांना हे ऐकवलं असतं," त्या म्हणाल्या, आणि पिल्लांना कण्या टाकायला उठल्या.